परसात आपोआप आलेली मिरची

पाऊस उघडला की मावळात कुणाच्या परसात, कुणाच्या कुंपणाला, नाहीतर आंब्याच्या बुडाशी मिरचीचे एखादे झाड दिसते. बी कोणी पेरलेले नसते. फळे बारीक, आभाळाकडे तोंड केलेली, आणि तिखट म्हणजे निव्वळ जाळ! लोक तिला रानमिरची म्हणतात.

मग ती लावली कोणी? पाखरांनी. मिरचीने आपले तोंड भाजते. उंदीर-घुशीही तिच्यापासून लांब राहतात. पण बुलबुलाला ते तिखट लागतच नाही. पाखराला दात नसतात, म्हणून बी फुटत नाही. ते विष्ठेतून साबूत बाहेर पडते. पाखरू जिथे बसते तिथे बी पडते. म्हणून असे झाड कुंपणाला आणि मोठ्या झाडाखालीच जास्त सापडते.

नाव रानमिरची असले तरी ती मूळची आपल्या रानातली नव्हे. तिचे रान समुद्रापलीकडे, अमेरिका खंडात. सुमारे ५०० वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोकांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी वापरीत. मिरीवरूनच मिरची हे नाव पडले.

आता ही झुडपे नीट पाहा. एकाचे फळ लांब, एकाचे गोल. एक तिखट, एक मवाळ. मग या सगळ्या वेगळ्या जाती का? तसे नाही. एका घरात एक भाऊ उंच असतो, दुसरा ठेंगणा. म्हणून काही त्यांचे आडनाव बदलत नाही. भाजीची ढोबळी मिरची आणि सुरकुतलेली लालभडक ब्याडगी यांत किती फरक! तरी दोघी एकाच जातीच्या आहेत. वाण तेवढे निरनिराळे.

जात ओळखायची तर फळापेक्षा फूल पाहावे. १७५३ साली स्वीडन देशातल्या लिनियस नावाच्या विद्वानाने मिरचीच्या दोन जाती नोंदल्या. पहिलीचे फूल पांढरे असते आणि बहुधा एका पेऱ्याला एकच येते. दुसरीचे फूल हिरवट पांढरे, आणि पुष्कळदा एका पेऱ्याला दोन-तीन फुले येतात. आभाळाकडे तोंड केलेली बारीक फळे दोन्ही जातींत सापडतात. तेव्हा नुसते फळ बघून फसगत होते. आज माणूस मिरचीच्या पाच जाती पिकवतो. बाकीच्या तीसेक जाती अमेरिकेतल्या रानांतच आहेत.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. विषारी धोतरा मिरचीच्याच भावकीतला आहे. अनोळखी रोपाला फूल-फळ येऊन ओळख पटेपर्यंत त्याचे पानही तोंडात घालू नये, आणि पोरांना तर हात लावू देऊ नये.

तिखटपणाचीही एक गंमत आहे. बोलिव्हिया देशात रानमिरचीची एक जात आहे. तिची काही झाडे तिखट, तर त्याच रानातली काही अगदी बिनतिखट! शोध करणाऱ्यांना दिसले की किडा फळाला भोक पाडतो, त्या वाटेने बुरशी आत शिरते आणि बी कुजते. तिखट फळात बुरशीचे फारसे चालत नाही. म्हणून ओलाव्याच्या भागात तिखट झाडे जास्त टिकली. कोरड्या भागात दोन्ही राहिली. हे तिखट बियांत नसते बरे का! बी ज्या पांढऱ्या गराला चिकटलेले असते, त्यात ते असते.

आता कामाची गोष्ट. ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली तर ढोबळी तिखट होते, असे पुष्कळजण म्हणतात. त्यात निम्मे खरे आहे. त्या वर्षीचे फळ बदलत नाही. पण मधमाशी एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेते. त्या फळाचे बी पुढच्या वर्षी पेरले की मिसळ दिसते. कोणी मवाळ मिरचीचे बी हौसेने राखतो आणि त्यातली काही झाडे जहाल निघतात, ती अशी.

बी राखायचे असेल तर निरोगी झाड निवडा. कळी उमलण्याआधी तिच्यावर विरळ मलमलीची पिशवी बांधा. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून माशी नसली तरी चालते. फळ धरले की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून खूण करा. ते फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. मग बी काढून सावलीत वाळवा. दुकानातून आणलेल्या संकरित वाणाचे बी मात्र असे राखू नये. पुढच्या वर्षी त्याची झाडे एकसारखी येत नाहीत.