आपली गाडी असली की शर्यत आपली

गेल्या ऑक्टोबरात इंदूरला अक्काकडे गेलो होतो. रविवारची सकाळ. अक्काने पोहे केले होते आणि दाजी कोपऱ्यावरून गरम जिलेबी घेऊन आले होते. भाचा मात्र सहा वाजल्यापासून लॅपटॉपसमोर बसून होता. पडद्यावर डोंगरातल्या एका वळणदार रस्त्यावरून मोटारी सुसाट धावत होत्या.

"मामा, ही ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत. एक हजार किलोमीटर!"

दाजींनी जिलेबीची पुडी जरा जोरातच टेबलावर ठेवली. "नोकरी सोडून आता हेच करायचंय त्याला," ते म्हणाले. घरात काय धुमसतंय ते मला तेवढ्यावरून कळलं.

भाचा पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीच्या कामात आहे. इंदूरहून महूमार्गे आपण पिथमपूरला पोचतो. दाजींची तीस वर्षं तिथल्याच एका कारखान्यात गेली. याच भागात 'नॅट्रॅक्स' हे सरकारी चाचणी केंद्र आहे. तिथल्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. ११.३ किलोमीटर लांब, १६ मीटर रुंद, चार पदरी आणि लंबवर्तुळाकार असा हा ट्रॅक आशियात सर्वांत लांब म्हणून गाजला. वळणावर रस्ता आत कललेला असल्याने ताशी अडीचशेच्या वेगातही स्टिअरिंग फारसं वळवावं लागत नाही, असं भाचा सांगत होता. २०२२ मध्ये बत्तिस्ता ही विजेवरची गाडी इथेच धावली. पत्रकार रेणुका किरपलानी यांनी ती ताशी ३५७ किलोमीटर वेगाने चालवली. पण हा ट्रॅक चाचणीसाठी आहे. तिथे शर्यत नाही की प्रेक्षकांचा गलका नाही. भाच्याला हवा होता तो गलका.

तेवढ्यात दाजींच्या धाकट्या भावाचा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे ते गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होते. भाच्याने उत्साहाने विचारलं, "काका, तुम्ही शर्यत बघताय ना?"

काका हसले. "पूर्वी बघत होतो रे. आता नाही."

त्यांनी मग जे सांगितलं ते आपल्या सीमाभागातल्या वाचकांनाही विचार करायला लावणारं आहे, म्हणून इथे लिहितो.

सिडनीच्या पश्चिमेला बाथर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरावरचा सव्वासहा किलोमीटरचा हा रस्ता एरवी सार्वजनिक असतो. लोकांची घरं त्याच्या कडेलाच आहेत. १९६३ पासून ही मोठी शर्यत तिथे होते. सुरुवातीला नियम असा होता की, दुकानात विकत मिळते तीच गाडी शर्यतीत उतरवायची. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात उभी असलेलीच गाडी रविवारी डोंगरावर पळताना दिसायची! एका घरात होल्डन, तर दुसऱ्या घरात फोर्ड. कोण कुणाच्या बाजूचा यावरून घराघरांत वाद होत. होल्डनवाल्यांचा लाडका चालक पीटर ब्रॉक नऊ वेळा बाथर्स्ट जिंकला. त्याच्या गाडीवरचा '०५' हा आकडा दारू पिऊन गाडी चालवू नका असं सांगणारा होता. तिथे रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ आहे. २००६ मध्ये एका रॅलीत अपघात होऊन तो गेला, तेव्हा सारा देश हळहळला.

पुढे दिवस पालटले. परदेशी गाड्या स्वस्त झाल्या, लोक मोठ्या सेडान सोडून उंच गाड्यांकडे वळले. २०१६ मध्ये फोर्डने आणि २०१७ मध्ये टोयोटा व होल्डनने तिथलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं. २०२० मध्ये तर होल्डन हे नावच बंद करत असल्याचं मूळ कंपनीने जाहीर केलं. काकांची नोकरीही त्याच लाटेत गेली. २०२३ पासून तिथे मस्टँगच्या जोडीला कॅमॅरो धावू लागली. आतला सांगाडा बराचसा एकसारखा, वरचं रूप तेवढं वेगळं. त्यातली कॅमॅरो तर तिथल्या शोरूममध्ये मिळतही नाही. २०२६ च्या मोसमापासून सुप्रा उतरवण्याचा निर्णय टोयोटाने २०२४ मध्ये जाहीर केला. शर्यत अजून चुरशीची होते, माणसं अजून तंबू ठोकून डोंगरावर राहतात. "पण गाडी आता आमची वाटत नाही," काका म्हणाले.

ते ऐकून मला आमच्या गावाकडचा माळ आठवला. बैलगाडी शर्यतीला धूळ उठली की कुणीतरी ओरडायचं, "यारदु गाडी?" आणि गर्दीतून उत्तर यायचं, "नम्मदु!" गाडी आपल्या गल्लीतली, बैल आपल्या ओळखीच्या गोठ्यातले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी ती बातमी गावाने ऐकली. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि माळ पुन्हा भरले. मुक्या जनावरांचे हाल होऊ नयेत हे खरंच, त्या अटी पाळल्याच पाहिजेत. पण माणसं त्या माळावर येतात ती 'नम्मदु' म्हणण्यासाठी.

आपल्याकडच्या मोटार शर्यतींना अजून हे 'नम्मदु' फारसं लाभलेलं नाही. नोएडाजवळ फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली. हा खेळ की करमणूक, या कराच्या वादानेही तिला ग्रासलं. चेन्नई आणि कोइमतूरचे ट्रॅक मात्र वर्षानुवर्षं चालू आहेत. होंडा सिटी, पोलो अशा आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या तिथे धावल्या आहेत. पण हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियात शर्यत उरली आणि कारखाने गेले. आपल्याकडे कारखाने आहेत, पण कडेला उभं राहून ओरडणारी माणसं नाहीत.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा दाजी बराच वेळ गप्प होते. मग मुलाला म्हणाले, "मी तीस वर्षं गाड्यांचे भाग केले. त्यातली एकही गाडी पळताना बघायला गेलो नाही. तुला खुळा म्हणायचा मला काय हक्क?"

अक्काचे डोळे भरून आले. तिला भीती वेगळी होती. ती म्हणाली, "अरे, पण पडलास, लागलं तर?"

भाच्याने तिला सगळं समजावून सांगितलं. परवाना प्रशिक्षणाशिवाय मिळत नाही. हेल्मेट, आगीपासून वाचवणारा पोशाख आणि गाडीतला पोलादी पिंजरा, यांतलं काहीही चुकवता येत नाही. शेवटी तोडगा निघाला. नोकरी सोडायची नाही, कर्ज काढायचं नाही आणि सुट्टीत कोइमतूरला जाऊन प्रशिक्षण घ्यायचं. अक्काने आणखी एक अट घातली. रस्त्यावर गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही! यावर सगळेच हसले.

निघायच्या दिवशी दाजींनी मला हळूच विचारलं, "कोइमतूरला मराठी चालतं का हो?"

म्हटलं, "नाही दाजी. पण मला बोलवा, येतो मी. कडेला उभं राहून 'नम्मदु' म्हणायला कोणीतरी हवंच की!"