चीट : वारस नसलेल्या जमिनीपासून चारसोबीसपर्यंत

अमरावती-अकोल्याकडे कुणी गंडवलं की माणूस म्हणतो, 'त्यानं मले फसोलं.' पण पत्त्यांचा डाव असो की कापसाचा सौदा, 'चीटिंग केली' हेही तितक्याच सहज तोंडी येतं.

या 'चीट'चा जन्म जमिनीच्या कज्ज्यात झाला. वारस न ठेवता कुणी मेला की त्याची जमीन राजाकडे किंवा सरंजामदाराकडे परत जाई. या प्रकाराला जुन्या फ्रेंचमधून आलेला 'एस्चीट' हा शब्द इंग्लंडात रूढ होता. अशी जमीन ताब्यात घेणारे अंमलदार लबाडीसाठी बदनाम झाले, शब्द आखडून 'चीट' उरला आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याला लुबाडण्याचा अर्थ चिकटला. विदर्भाने हा जुना अर्थ सोसलेला आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले पुत्राविना वारले आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं.

आज हा शब्द परीक्षेतल्या कॉपीला चालतो, जोडीदाराशी केलेल्या प्रतारणेलाही चालतो. कायदा मात्र एवढा सैल नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४१५ मध्ये 'चीटिंग'ची व्याख्या होती आणि कलम ४२० मध्ये फसवून मालमत्ता काढून घेण्याची शिक्षा. आपला 'चारसोबीस' तिथलाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

खरी मेख आहे ती हेतूच्या वेळेत. समजा, व्यापाऱ्याने उधारीवर कापूस उचलला आणि पैसे बुडवले. उचलतानाच द्यायचे नव्हते, तर ती फसवणूक. तेव्हा द्यायचे होते पण नंतर धंदा बसला, तर तो करारभंग. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो. जुन्या संहितेने हाच भेद निळीच्या सौद्याचं उदाहरण देऊन समजावला होता. मनातला हेतू दिसत नाही, म्हणून तो वागण्यावरून ताडतात: नाव-पत्ता खोटा होता का, त्याच सुमारास आणखी किती कास्तकारांचा माल असाच उचलला, माल विकून तो लगेच पसार झाला का. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' हे उत्तर अनेकदा यावरूनच मिळतं, आणि कष्टाचा कापूस गेलेल्या माणसाला ते फार लागतं.

म्हणून शेतकरी बंधूंनो, उधारीचा सौदा तोंडी करू नका. काटापट्टी, सहीची चिठ्ठी, मोबाईलवरचे संदेश जपून ठेवा आणि पैसे बुडाल्याचं कळताच लेखी तक्रार करा.