आधी बोलावणे आजाऱ्याचे

कुवेतच्या गल्फ रोडवरची ‘अमेरिकानी’ ही जुनी इमारत आपण सर्वांनी पाहिली असेलच. आज तिथे सांस्कृतिक केंद्र आहे, पण १९६७ पर्यंत ते ख्रिस्ती मिशनचे इस्पितळ होते. आपल्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी उभारले तसेच. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या बायकांसाठी १९१२ मध्ये डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली इथे आल्या. उपचार तयार होते, पण दवाखान्याचा उंबरठा त्या बायकांनाच ओलांडायचा होता.

देवाच्या करुणेचेही तसेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशू आधी विचारतो की, बरे व्हायची इच्छा आहे का? प्रश्न विचित्र वाटतो खरा! पण परदेशात आपण काय करतो? गावी फोनवर ‘सगळं छान’ म्हणतो आणि दुखणे दाबून ठेवतो. प्रार्थनेत मात्र जे दुखते तेच सांगायचे असते. (गोळ्या चालूच ठेवायच्या, बरं का!)

याकोबाच्या पत्रात तर आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी, असे सांगितले आहे. इथे शुक्रवारी उपासना झाल्यावर तेवढे थांबून सांगता येते.