ड्रेस उलटा करून पाहावा

पैठणी घेताना जाणत्या बायका पदर उलटा करून पाहतात. हातमागावरची असेल तर मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ असते. गनी सॅक्सचा ड्रेस हाती आला की मीही तो आधी उलटाच करते. बाहेरून तो भुलवणारच, बेतलेलाच त्यासाठी असतो. उंच गळपट्टी, छातीवर लेसच्या उभ्या पट्ट्या आणि बारीक पिनटक, कंबरेवर बंद ओवून आवळायची चोळीसारखी पट्टी, खांद्याशी फुगून मनगटाशी आवळलेली बाही, खाली घोट्यापर्यंत घेर आणि घेराला झालर. पण ड्रेस कसा जगला ते आत कळतं. मुंढ्याची शिवण उसवून पुन्हा कुणी टीप मारली आहे का, काखेतलं कापड विरलं आहे का, कुणाच्या उंचीसाठी खालची दुमड कापून टाकली आहे का, शिवणीत माया किती उरली आहे, हे सगळं उलट्या बाजूला.

गनी सॅक्स हे कपड्यांचं लेबल सॅन फ्रान्सिस्कोचं. 1967 साली ते सुरू झालं आणि 1969 मध्ये जेसिका मॅक्लिंटॉक पाच हजार डॉलर घालून त्यात भागीदार झाली. पुढे सगळा धंदा तिच्याकडे आला. ती शिक्षिका होती. फॅशनचं रीतसर शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं, शिवणकाम घरच्या आजीकडून उचललेलं. त्या काळात शहरातल्या हेट-अ‍ॅशबरी भागातल्या मुली जुन्या बाजारातून, माळ्यावरच्या पेट्यांतून पणजीच्या काळचे लेसचे झगे काढून रस्त्यावर घालून फिरत होत्या. मॅक्लिंटॉकने ती हौस नव्या कापडात, तयार मापात आणि साध्या दुकानात आणली. मलमल, छोट्या फुलांचं छापील सुती कापड, मखमली फीत, साटीनची नाडी. पुढे मुलींनी पदवीदानाला, शाळेच्या नाचाला आणि लग्नालाही हेच घातलं. 1975 साली हिलरी रॉडहॅम बिल क्लिंटनशी लग्नाला उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगावर मॅक्लिंटॉकचाच ड्रेस होता, लग्नाच्या तोंडावर दुकानातून तयार घेतलेला.

त्या काळचे ड्रेस आता पुन्हा बनणार नाहीत. मॅक्लिंटॉक 2021 मध्ये गेली. जे आहेत ते कपाटांत, आणि कपाटं रिकामी होतात तेव्हा बाजारात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात राहणाऱ्या माझ्यासारखीला अलमीडाचा बाजार सोयीचा. नौदलाच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या मोकळ्या पटांगणावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो भरतो, आणि वीस वर्षांपेक्षा नवी वस्तू तिथे मांडता येत नाही. पहाटे आत जायचं तर तिकीट महाग, पण कपड्यांसाठी ते द्यावं. उन्हं चढेपर्यंत हँगरवर गर्दी होते आणि खाडीवरचा वारा झालरी उडवत राहतो, तेव्हा शांतपणे शिवण पाहणं होत नाही.

लेबल पाहून काळ ठरतो. काळ्या लेबलचे ड्रेस सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे, संग्राहकांचा जीव त्यांच्यावर, आणि धड अवस्थेतला असेल तर तो शेकडो डॉलरला जातो. पुढची लेबलं फिकट रंगाची. पण लेबल काढून दुसऱ्या ड्रेसला लावता येतं, म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही. धुण्याच्या सूचनेची पट्टी शोधते. जुलै 1972 पासून अमेरिकेत ती कपड्यात कायमची शिवणं सक्तीचं झालं. पट्टी नसेल आणि ती कापल्याची खूणही नसेल, तर ड्रेस त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते. पाठीची चेन धातूची की नायलॉनची तेही पाहते. एवढ्या गोष्टी एकमेकींना दुजोरा देत असतील तर भावाला बसायचं.

मापाच्या आकड्याकडे मात्र बघूच नये. आत नऊ लिहिलं असेल तर ते त्या वेळच्या तरुण मुलींचं नऊ, आजच्या नऊला त्याची चेन अर्ध्यावर अडते. टेप लावायची. ड्रेस सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत माप घ्यायचं आणि दुप्पट करायचं, मग कंबर, मग खांदा ते कंबर. आणि मुंढा विसरायचा नाही. हे मुंढे फार आखूड असतात. छातीत बसलेला ड्रेस हात वर केल्यावर तिथेच फाटतो, मी पाहिलेल्या बहुतेक चिरा तिथल्याच आहेत.

विकणाऱ्या बाईला मी काख दाखवते. सुती कापडावरचा घामाचा पिवळेपणा बऱ्याचदा निघतो, पण जुन्या हुकाचा किंवा तारेच्या हँगरचा गंज लागला असेल तर तो डाग साध्या धुण्याने निघत नाही. तेवढं मी स्पष्ट सांगते आणि भाव उतरतो. डाग नसेल तेव्हा मी घासाघीस करत नाही. पन्नास वर्षं कुणीतरी तो जपलेला असतो, त्याचं मोल द्यायला हवं.

धुणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने मखमली फितीला टिपायचं. फडक्यावर रंग उतरला, तर फीत उसवून बाजूला ठेवल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. मलमल कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून भिजवायची, क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही. काही वेळाने पाण्याचा रंग चहासारखा होतो, मग ते ओतून पुन्हा नवं. उचलताना खांद्याला धरायचं नाही. भिजलेल्या घेराचं वजन लेस तोडतं. खाली पंचा सरकवून सगळा ड्रेस त्याच्यासकट उचलायचा आणि त्यावरच वाळवायचा.

हे करताना शिवण बोटांखालून जाते, आणि ती कुणी घातली हा प्रश्न टळत नाही. बाहीच्या पट्टीवरची इवलीशी कापड चढवलेली बटणं, त्यांचे फास, छातीवरच्या एकसारख्या पिनटक, हे यंत्रासमोर बसलेल्या बायकांचं काम. 1992 साली ओकलंडमधल्या बारा चिनी शिवणकामगार बायकांचा प्रश्न गाजला. मॅक्लिंटॉकचं काम करणारा ठेकेदार मजुरी थकवून बंद पडला होता. आशियाई स्थलांतरित महिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली. तिचं म्हणणं होतं, दुकानात 175 डॉलरला विकल्या जाणाऱ्या ड्रेसमागे या बायकांना पाच डॉलर मिळत होते. कंपनीची बाजू अशी की ठेकेदाराला पैसे चुकते केले आहेत, मजुरी ही त्याची जबाबदारी. लढा चालला 1996 पर्यंत, मग समझोता झाला आणि त्यात शिवणकामगारांच्या शिक्षणासाठी निधीही ठरला. संग्राहकांच्या गप्पांत हे क्वचित निघतं. मला ते निघायला हवं असं वाटतं. या ड्रेसांवर माझं प्रेम आहे ते त्यांच्या शिवणीवर आहे, आणि शिवणीवर प्रेम करायचं तर ती घालणाऱ्या हाताला काय मिळालं हे विचारायलाच हवं.

म्हणून दुरुस्ती मी लपवत नाही. मुंढ्याला आतून मलमलीचा तुकडा लावते, धावदोऱ्याने, पुढच्या माणसाला सहज उसवता येईल असा. मूळ टीप शाबूत असेल तिथे सुई घालत नाही. ड्रेस मी घालते, दिवाळीला घालते, मैत्रिणींना घालायला देते. मापात बसत नसलेला विकून टाकते, तेव्हा सोबत एक कागद जातो. त्यावर खरी मापं, अंदाजे साल आणि तो कशावरून ठरवला ते, कुठे डाग आहे, आणि कुठली शिवण कारखान्यातली, कुठली माझी.