भुवईवर मार, नजरेवर घाव

जून 2022 मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर दुचाकी आपसूक पळते. मधेच आडवं जनावर येतं, गाडी घसरते आणि भुवईवर मार बसतो. टाके पडतात, हाताला प्लॅस्टर होतं. डोळ्यामागच्या नसेची चौकशी मात्र राहून जाते. त्याला आपल्याकडचे काही पक्के समज कारणीभूत आहेत.

गैरसमज : “डोया तं साजरा दिसते, मंग नजरेले काय होते?”

वस्तुस्थिती : डोळ्याला मेंदूशी जोडणारी ही नस सुमारे 5 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यात 10 लाखांहून जास्त तंतू असतात. वाटेत ती हाडाच्या अरुंद बोगद्यातून जाते. तिथे तिला हलायलाही जागा नसते. भुवईच्या बाहेरच्या कडेला बसलेला धक्का हाडातून थेट तिथवर पोचतो. नस ताणली जाते, सुजते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. डोळा वरून धडधाकट असतो आणि आतून तपासला तरी सुरुवातीला नस ठीकच दिसते; ती फिकट पडायला काही आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर बॅटरीचा उजेड दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने टाकतात. दुखावलेल्या बाजूवर उजेड आला की बाहुली आकसण्याऐवजी रुंदावते.

गैरसमज : “थांबा दोन दिवस, सूज उतरली का दिसाले लागते.”

वस्तुस्थिती : डोळा पुढे आलेला, हाताला टणक, प्रचंड ठणका आणि नजर घसरत चाललेली, अशी लक्षणं असतील तर डोळ्यामागे रक्त साचत असण्याची शक्यता असते. त्या रक्ताचा दाब दीड-दोन तासांत उतरला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी छोटा छेद देऊन डॉक्टर तो उतरवतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. लाल कापड एका डोळ्याला फिकं दिसतं का, तेही विचारा. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचं इर्विन रुग्णालय, पोचताच सांगा : “या डोळ्याने दिसत नाही.” तूप, मध, गुलाबपाणी काहीही घालू नका.

गैरसमज : “भारी इंजेक्शन देल्लं का नस खुलते.”

वस्तुस्थिती : 1999 साली प्रसिद्ध झालेल्या, ही नस दुखावलेल्या 133 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या भारी इंजेक्शनातल्या स्टिरॉइडचा किंवा बोगदा मोकळा करणाऱ्या शस्त्रक्रियेचा ठोस फायदा दिसला नाही, उपचाराविनाही काहींची नजर सुधारली. 2004 साली, डोक्याला मार लागलेल्या 10,008 रुग्णांच्या चाचणीत तर स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. सीटी स्कॅन पाहून, हाडाचा तुकडा नसेवर दाबतोय का हे बघून डॉक्टर निर्णय घेतात. “नुसतं लक्ष ठेवू” असं ते म्हणाले, तर तो हलगर्जीपणा समजू नका.

गैरसमज : “एक डोया गेला, आता दुसराबी जाईन.”

वस्तुस्थिती : नसेचा हा मार दुसऱ्या डोळ्यात उतरत नाही. बुबुळ फाटलेल्या जखमेनंतर क्वचित तसं होतं, पण तो वेगळा आजार. तरीही चांगला डोळा जपायलाच हवा. शेतात, वेल्डिंगच्या कामावर आणि गाडीवर न फुटणारा चष्मा लावा. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. मान वळवून पाहायची सवय लावली की बरीच कामं जमतात.

गैरसमज : “नेत्रदानातून डोया भेटला का झालं.”

वस्तुस्थिती : नेत्रदानातून मिळतं ते डोळ्याचं पारदर्शक बुबुळ. नस मेंदूचाच भाग आहे. तुटलेली नस पुन्हा जुळत नाही. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये अख्खा डोळा बसवला गेला, पण त्या डोळ्याने दिसू लागलं नाही.

गैरसमज : “हेल्मेट हायवेले लागते, गावात कायले?”

वस्तुस्थिती : नस दुखवायला महामार्गाचा वेग लागत नाही, फाटकापाशी गाडी घसरली तरी पुरे. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 गाव-महामार्ग असा भेद करत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. आयएसआय शिक्का असलेलं, कपाळ आणि भुवई झाकणारं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा.

मेलेली नस जिवंत करणारं औषध आज कुठेही नाही. म्हणून डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाचे दोन्ही डोळे, एकेक करून, त्याच दिवशी तपासून घ्या.