न लिहिलेली ओळ

दोन अनोळखी माणसे, दोन वेगवेगळ्या देशांत. एकाला बिटकॉइन विकायचे आहेत. दुसऱ्याला मोनेरो हे दुसरे आंकिक चलन देऊन ते घ्यायचे आहेत. आधी कोणी द्यायचे? मध्ये एखादी पेढी असेल तर हा प्रश्न येत नाही. ‘बिस्क’ या आज्ञावलीत मात्र पेढीच नाही. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर चालते आणि दोघांचे संगणक परस्परांना निरोप पाठवून सौदा पुरा करतात. अशा आज्ञावलीत कोणी बदल सुचवला, की तो स्वीकारण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तो वाचून तपासायचा असतो. ही तपासणी किती अवघड असते, हे २०२० सालच्या एका घटनेवरून चांगले समजते.

प्रथम सौद्याची रचना पाहू. विकणारा आपले बिटकॉइन व थोडी अनामत, आणि घेणारा नुसती अनामत, एका सामाईक तिजोरीत ठेवतो. बँकेतला लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तशीच ही तिजोरी. पूर्वी तिच्या किल्ल्या तीन होत्या व त्यांपैकी कोणत्याही दोन चालत. तिसरी किल्ली लवादाकडे असे. भांडण झाले, तर ज्याची बाजू खरी त्याच्यासह लवाद तिजोरी उघडी. पण मग लवादच एखाद्या लबाडाला सामील झाला तर? ही शंका रास्त होती. म्हणून २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत तिसरी किल्ली काढून टाकली गेली.

आता किल्ल्या दोन आणि दोन्ही आवश्यक. एकाने अडवून धरले, तर दुसऱ्याचे पैसे कायमचे अडकणार. त्यावर तोड अशी : सौद्याच्या सुरुवातीलाच दोघांनी, पुढच्या तारखेचा धनादेश लिहावा तसे, एक मुदतबंद हस्तांतरण सही करून ठेवायचे. आंकिक चलनांच्या सौद्यात मुदत १० दिवसांची, नेहमीच्या चलनांच्या सौद्यात २० दिवसांची. बिटकॉइनच्या जगात वेळ ‘ब्लॉक’मध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांमध्ये, मोजता येतो. सरासरी १० मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला १४४ आणि १० दिवसांचे १४४०. मुदत संपल्यावर दोघांपैकी कोणीही हा धनादेश वटवू शकतो. पण तेव्हा रक्कम दोघांनाही न मिळता प्रकल्पाने ठरवून दिलेल्या पत्त्यावर जाई आणि मग लवाद चौकशी करून नुकसान झालेल्याला भरपाई देववी. रचना मोठी हुशारीची आहे, यात शंका नाही.

हा धनादेश विकणाऱ्याच्या संगणकावर तयार होऊन सहीसाठी घेणाऱ्याकडे येई. घेणाऱ्याचा संगणक सही करी. मात्र रक्कम कोणत्या पत्त्यावर जाणार आहे, हे तो पाहत नसे! एका हल्लेखोराने हे हेरले. विकणारा म्हणून सौदा करायचा, धनादेशावर प्रकल्पाच्या पत्त्याऐवजी स्वतःचा पत्ता घालायचा, समोरच्याने दिलेले मोनेरो घ्यायचे आणि मुदत संपेपर्यंत स्वस्थ बसायचे. मुदतीनंतर त्याचे स्वतःचे बिटकॉइन त्याला परत मिळत, शिवाय समोरच्याची अनामतही. एप्रिल २०२० मध्ये हे उघडकीला आले तोवर सात जणांचे मिळून सुमारे ३ बिटकॉइन आणि ४००० मोनेरो गेले होते.

दोष एखाद्या चुकीच्या ओळीत नव्हता. जी ओळ असायला हवी होती, ती नव्हती. १ = २ ची प्रसिद्ध खोटी सिद्धता आपण वर्गात दाखवतो. तिथेही प्रत्येक पायरी नेटकी दिसते. क्ष = य असे धरून सुरुवात केलेली असते आणि मध्येच दोन्ही बाजूंना (क्ष − य)ने भागलेले असते. ‘भाजक शून्य नाही ना?’ ही तपासणी लिहिलेलीच नसते, म्हणून डोळ्याला खटकत नाही.

चाचण्यांतही असा दोष सहज सुटतो. चाचणीत आज्ञावलीच्या दोन प्रामाणिक प्रती एकमेकींशी सौदा करतात. त्यांतली विकणारी प्रत योग्य तोच पत्ता पाठवणार, सगळे सुरळीत. पण बिस्कचा सारा मजकूर खुला आहे. कोणीही आपली प्रत हवी तशी बदलून घेऊ शकतो. म्हणून समोरून येणाऱ्या प्रत्येक किमतीपाशी तपासणाऱ्याने थांबून विचारायचे : ही कोणी ठरवली आणि माझ्या बाजूला तिची खातरजमा कोठे होते? माझ्या मते वाढवलेल्या ओळींपेक्षा काढलेल्या ओळींवर जास्त वेळ घालवावा. तिसरी किल्ली गेली, तेव्हा तिच्यासोबत एक संरक्षणही गेले : एकट्या मुदतीच्या जोरावर पैसे हलवण्याची वाट पूर्वी नव्हतीच.

दुरुस्तीनंतर घेणाऱ्याचा संगणक सहीपूर्वी धनादेश पारखू लागला. रक्कम एकाच ठिकाणी जाते ना, पत्ता ठरलेलाच आहे ना, आकडा आणि मुदत बरोबर आहे ना? यात एक गंमत आहे. बिटकॉइनच्या हस्तांतरणात मुदतीचा आकडा अचूक लिहूनही ती लागू होईलच असे नाही. हस्तांतरणात जेथून पैसे येतात, त्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक जोडलेला असतो. हे सर्व क्रमांक ४२९४९६७२९५ या कमाल किमतीचे असतील, तर मुदतीकडे चक्क दुर्लक्ष होते! म्हणून तो क्रमांकही पाहावा लागतो. धनादेश याच सौद्याच्या तिजोरीवर काढलेला आहे ना, हेही पाहावे लागते. आणि हे सारे मोनेरो पाठवण्याच्या आधी, कारण एकदा पाठवलेले मोनेरो परत बोलावता येत नाहीत.