सेफ्युरॉक्झिमचं काम आणि त्याची हद्द

घसा धरला की मेडिकलच्या काउंटरवर ‘जरा स्ट्राँग गोळी द्या’ म्हणणारे पुष्कळ. सेफ्युरॉक्झिम हे सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या गटातलं दुसऱ्या पिढीचं औषध; म्हणजे पहिलीपेक्षा जोरदार, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे आणि महागात पडतो.

या औषधांचं मूळ इटलीतल्या सार्डिनिया बेटावर आहे. काल्यारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे १९४५ मध्ये ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली. ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं केलं. पुढे त्याच्या रेणूत फेरफार करत एकेक पिढी घडली.

पहिल्या पिढीचा भर त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंवर. दुसरीने हिमोफिलस आणि मोराक्सेला हेही टप्प्यात आणले. म्हणून सायनस, कान, छाती आणि लघवीच्या काही जंतुसंसर्गांत सेफ्युरॉक्झिम देतात. याच पिढीत धरलेलं सेफॉक्सिटिन आतड्यातल्या, प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवरही चालतं; ते पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधी देतात. मात्र स्टॅफिलोकोकसवर ते पहिल्या पिढीपेक्षा कमजोर पडतं.

सेफ्युरॉक्झिमचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला. शेवटी डोळ्याच्या आत जेमतेम १ मिलिग्रॅम औषध सोडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, ते न मिळालेल्यांमध्ये डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाचा धोका सुमारे पाचपट दिसला. या संसर्गाने दृष्टी कायमची जाऊ शकते.

मेनिंजायटिसमध्ये मात्र ते मागे पडलं. १९९० मधल्या एका चाचणीत तिसऱ्या पिढीच्या सेफ्ट्रियाक्झोनने मुलांच्या मेंदूभोवतीचं पाणी लवकर जंतुमुक्त केलं. बहिरेपणही कमी आलं. एमआरएसए, एन्टरोकोकस, स्यूडोमोनास या जंतूंवर सेफ्युरॉक्झिमचा उपयोग नाही. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-खोकल्यावर तर मुळीच नाही. तिथे ते घेतल्याने पोटातले उपयुक्त जंतू तेवढे मरतात आणि तग धरणाऱ्यांचं फावतं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर ती जेवणानंतर घ्यावी, रिकाम्या पोटी ती कमी शोषली जाते. पेनिसिलिन या नात्यातल्या औषधाने पूर्वी त्रास झाला असेल तर नुसतं ‘ॲलर्जी आहे’ म्हणू नका. अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला की फक्त जुलाब झाले, हे नेमकं सांगा. कोणतं औषध द्यायचं ते त्यावर ठरतं.